पुढची चाकं पेट्रोलवर, मागची विजेवर

लिफ्टवाल्यांना झटका आल्याचं कळलं तेव्हा आमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांना वाटलं, गाडीचाच बसला. यात कुणाची चूक नव्हती. सहा-सात महिने ते कामावरून आले की पार्किंगमध्ये त्यांच्या छोट्या गाडीखाली आडवे व्हायचे. बाहेर फक्त पाय दिसायचे आणि पायांशी केशरी रंगाच्या, अंगठ्याएवढ्या जाड तारांचं वेटोळं. असा माणूस झटका येऊन दवाखान्यात गेला म्हटल्यावर दुसरं काय मनात येणार? प्रत्यक्षात ते तेव्हा वर घरात खुर्चीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. नाडी सुटली. ती पुन्हा धरायला गेले तर बोटं मिटेनात. हा कुणाचा हात माझ्या मांडीवर आणून ठेवलाय, अशा नजरेने ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. काकूंनी हाक मारली, तर तोंडातून शब्दाऐवजी नुसता आवाज आला.

आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या म्हणून त्यांना सगळे लिफ्टवाले म्हणतात. काकू त्यांची बायको. घरी बसून कपडे उसवून बेताचे करून देतात. कुणाची पँट आखूड, कुणाचं जाकीट सैल. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते, आणि ती गाडी उभी असते ती जागा माझ्या झोपायच्या खोलीच्या बरोबर खाली येते. हे आधीच सांगून टाकते, कारण या गोष्टीत माझीही एक सही आहे.

गाडी चौदा वर्षांची. इंजिन ठणठणीत, पण शहरातल्या शहरात, दर चौकात थांबत, ते इंजिन तापवत बसणं लिफ्टवाल्यांना पटत नव्हतं. त्यांचा बेत साधा होता. पुढची चाकं पेट्रोलवर आहेत तशी राहू द्यायची. मागच्या दोन चाकांना बाहेरून चकतीसारख्या मोटरी बसवायच्या, मागच्या सीटच्या जागी बॅटरीची पेटी, आणि ती पेटी घरच्या सॉकेटला वायर लावून चार्ज करायची. जवळ जायचं तर वीज, लांब जायचं तर पेट्रोल. स्टिअरिंगशेजारी एक बटण. "तयार हायब्रिड मिळतात की," असं त्यांच्या धाकट्या भावाने सुचवलं, तेव्हा ते म्हणाले होते, "मिळतात ना. लग्नात तयार जेवणही मिळतं, म्हणून काय घरी चूल पेटवायची नाही?"

काकूंना पहिल्या दिवसापासून त्या पेटीची भीती. चोवीस सेल, प्रत्येक जाडजूड पुस्तकाएवढा, एकाला एक जोडलेला. पण भीती वाटते म्हणून त्या वर बसून राहिल्या नाहीत. टॉर्च धरायला, पाने द्यायला त्याच असायच्या. ते आत वाकून मीटरच्या दोन सुया टेकवायचे आणि विचारायचे, "अगं, आकडा सांग." त्या आकडा सांगायच्या. सहा महिन्यांत एवढंच त्यांचं शिक्षण झालं: कुठला आकडा ऐकला की ते पुढे सरकतात, आणि कुठला ऐकला की गप्प होतात.

झटका आला तेव्हा गाडीची मागची बाजू दोन लोखंडी स्टँडवर उचललेली होती.

महिन्याभराने ते घरी आले. डाव्या हातात काठी, उजवा पाय ओढत. समजत सगळं होतं, बोलणं मात्र गेलं होतं. म्हणजे अगदी गेलं नव्हतं. एक शब्द उरला होता. सोमवार. पाणी हवं असलं तरी सोमवार, चष्मा हवा असला तरी सोमवार, राग आला तर जोरात सोमवार. बोलायला शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी काकूंना समजावलं, "त्यांच्या डोक्यात शब्द बरोबर असतो, बाहेर येताना चुकीच्या दारातून येतो. पण ओळीने म्हणायच्या गोष्टी जमतील. आकडे म्हणून घ्या." आणि खरंच, काकूंनी "एक" म्हटल्यावर ते दोन, तीन, चार करत वीसच्या पुढे गेले. मधला एकच आकडा सांगायचा असेल, तर एकपासून मोजत यायचं आणि तिथे थांबायचं. पाचला भेटू म्हणायचं तरी एक, दोन, तीन, चार, पाच.

त्यांचा भाऊ बस डेपोत काम करतो. दर रविवारी यायचा. असे दोनेक महिने गेल्यावर एका रविवारी तो म्हणाला, "वहिनी, ती गाडी काढून टाकू या. भंगारवाला पेटीसकट न्यायला तयार आहे."

"त्यांना विचारलंत?"

"काय विचारू? सोमवार म्हणेल."

खरं सांगायचं तर काकूंनाही ती पेटी नकोच होती. तीन महिने तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. बॅटऱ्यांनी पेट घेतल्याच्या बातम्या त्यांनी वाचल्या होत्या. शिवताना मध्येच उठून त्या जिन्यातून खाली डोकावून यायच्या. कधी सकाळी दूध तापवताना, कधी नवऱ्याला आंघोळ घालून झाल्यावर. जायचं, वास घ्यायचा, पेटीवर हाताचा उलटा पंजा ठेवून बघायचा आणि परत यायचं. दिवसातून पाच-सहा वेळा. पण भावाने भंगारवाल्याचं नाव काढलं त्या दिवशी लिफ्टवाले काठी टेकत टेकत, एकेक पायरी बसत, एकटे खाली गेले. काकू मागोमाग धावल्या. ते गाडीच्या मागच्या दाराशी उभे होते आणि मोजत होते. एक, दोन, तीन... सतराला थांबले. काकूंकडे बघितलं. पुन्हा एकपासून सुरू. पुन्हा सतराला थांबले.

"सतरा नंबर?" काकूंनी विचारलं. "सेल?"

ते एवढे जोराने मान हलवायला लागले की काकूंना वाटलं, तोल जाईल.

काकूंनी हातातली अंगठी काढली, घड्याळ काढलं. ते नेहमी काढायला लावायचे. धातूची वस्तू दोन सेलांच्या मध्ये पडली तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते. रबरी हातमोजे घातले. ते काकूंच्या हाताला ढगळ होत होते. मीटरच्या सुया आयुष्यात पहिल्यांदा स्वतः टेकवल्या. सुई घसरायला लागली, तेव्हा त्यांनी कोपर मांडीवर टेकवलं, बारीक काज करताना टेकवतात तसं. बाकीच्या सेलांवर तीन पॉइंट तीनच्या आसपास आकडे आले. सतराव्यावर आला दोन पॉइंट चार. लिफ्टवाल्यांनी डोळे मिटले. त्यांना झटका येण्याच्या आदल्या दिवशीच तो सेल उतरायला लागला होता, आणि हे जगात फक्त त्यांना माहीत होतं. तीन महिने त्यांना हेच सांगायचं होतं. काकूंच्या मनात आलं, पेटी अशीच चार्जरला लावली असती आणि तो सेल तापून पेटला असता तर?

कपाटात दोन जादा सेल होते. तो बदलायला त्यांना चार दिवस लागले, एरवी त्यांचं ते तासाभराचं काम. पान्याच्या मुठीवर तोंडापर्यंत टेप गुंडाळली. प्रत्येक नट सोडवण्याआधी काकू बोट ठेवायच्या, ते मान हलवायचे. मान हलली म्हणजे हो, सोमवार म्हणजे नाही. त्या चार दिवसांत काकूंचं एक जाकीट उसवलेलंच राहिलं आणि गिऱ्हाइकाने बोलून घेतलं. पण बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही काय केलंत? यांचं लक्ष किती टिकतंय बघा." मग काकूंनी ठरवलं, की गाडी पुरी करायची. निदान त्यांना दवाखान्यात न्यायला-आणायला तरी होईल. गाडी चालवायचं लायसन्स त्यांच्याकडे होतं, सवय फारशी नव्हती.

यापुढे जे झालं त्यात काकू स्वतःला दोष देतात. मी देत नाही.

एकेक जोडणी ताडून बघता बघता दीड महिना गेला. मागची चाकं स्टँडवरच फिरवून बघितली; गुणगुणत फिरली. गाडी खाली उतरवली. त्याच सुमारास लिफ्टवाल्यांनी नवीनच काहीतरी सुरू केलं. जेवताना, टीव्ही बघताना, डावा पाय जमिनीवर दाबायचे आणि म्हणायचे, "सोमवार." दाबायचे, पुन्हा दाबायचे, मग पाय आखडून धरायचे, जणू दबतच नाही. "सोमवार, सोमवार." व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीला वाटलं, पायात गोळे येतात. तिने तेल लावून चोळायला सांगितलं. काकू आठवडाभर चोळत होत्या आणि ते चिडून पाय काढून घेत होते.

रविवारी सकाळी काकू गाडीत बसल्या. शेजारी लिफ्टवाले, अजून सोमवार, सोमवार करत. पार्किंगमधून फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच. पेट्रोलचं इंजिन बंद, बटण विजेवर. पाय हलकेच टेकवला आणि गाडी आवाज न करता सरकली. काकूंनी ब्रेक दाबून बघितला, लागला. पुन्हा सरकली, पुन्हा दाबला, लागला. पुढे फाटकाकडे उतार आहे. तिथे त्यांनी तिसऱ्यांदा दाबला आणि ब्रेकचं पेडल दगड झालं. दबेचना. गाडी उतारावरून आपली चालली होती. समोर फाटकाचा खांब, खांबाशेजारी माझी स्कूटर, आणि स्कूटरच्या पलीकडे मी, हातात पिशवी घेऊन. मला काकूंचा चेहरा काचेतून स्पष्ट दिसला. त्या दोन्ही पायांनी पेडलवर जवळजवळ उभ्या राहिल्या होत्या. लिफ्टवाल्यांनी डावा हात मारून हँडब्रेक ओढला. मागची चाकं कुरकुरली, गाडी तिरकी झाली आणि खांबावर टेकली. दिवा फुटला, स्कूटर आडवी झाली. मला काहीच झालं नाही. पण पिशवी मी किती घट्ट धरली होती ते बोटं उघडताना कळलं.

लिफ्टवाले गाडीत रडत होते. काकूंना वाटलं, लागलं कुठे. तर ते पुन्हा तेच: डावा पाय दाबायचे आणि आखडून धरायचे. तेव्हा काकूंना उमगलं. ते आपल्या पायाबद्दल बोलतच नव्हते.

ते प्रकरण असं होतं. गाडीचा ब्रेक हलक्या पायाने लागतो, कारण चालू इंजिन हवा ओढून घेऊन त्याला जोर देत असतं. इंजिन बंद असलं तर आधीचा जोर एक-दोनदा पुरतो, मग संपतो. विजेवर चालवायची तर तो जोर द्यायला वेगळा छोटा पंप लागतो. पंप आणलेला होता. त्यांच्या खाटेखालच्या खोक्यात, कागदात गुंडाळलेला, बसवायचा राहिलेला.

त्याच आठवड्यात इमारतीच्या कमिटीला एक पत्र गेलं: घरगुती पद्धतीने बदललेली ती गाडी धोकादायक आहे, ती इमारतीच्या आवारातून हलवावी. नऊ जणांच्या सह्या होत्या. चौथी माझी. मला त्याची लाज वाटते असंही नाही. माझ्या पलंगाखाली ती पेटी होती आणि माझ्या अंगावर ती गाडी आली होती.

भाऊ भंगारवाल्याचा फोन नंबर घेऊनच आला. या खेपेला काकू हो म्हणाल्या. "माझ्याच्याने नाही होत, भाऊजी. सारखं छातीत धडधडतं. एक कळलं की वाटतं, आता सगळं कळलं, आणि लगेच दुसरं निघतं. अजून काय काय यांच्या डोक्यात अडकलंय, मला काय माहीत?"

लिफ्टवाले ऐकत होते. ते चिडले नाहीत. उठले, खाटेखालचं खोकं काठीने ओढून काढलं आणि त्यातून एकेक वस्तू काढून जमिनीवर मांडायला लागले. पंप. त्याची नळी. एक लाल मुठीचा स्विच. फ्यूजची डबी. एवढंच. मग खोकं उपडं करून झटकलं, रिकामं आहे ते दाखवलं आणि काकूंकडे बघितलं. एक, दोन, तीन, चार. चारच्या पुढे काही नाही.

भावाने पंप उचलून हातात फिरवून बघितला. "वहिनी," तो म्हणाला, "पंप मी बसवून देतो. डेपोत बसचे ब्रेक रोज उघडलेले बघतो. पण रस्त्यावर काढायच्या आधी कुणीतरी परक्या माणसाने तपासली पाहिजे. आपल्यातल्या कुणी नाही."

काकूंची अटही तीच होती.

गाड्या तपासायच्या कचेरीत ती गाडी भावाने दोरीने ओढून नेली. काकूंनी त्या दिवशी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तपासनीस तरुण होता, घाईत होता, आणि मागच्या सीटच्या जागी पेटी बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे कुणी केलं?"

"यांनी," काकू म्हणाल्या.

"मग यांनाच विचारतो. काका, मेन फ्यूज कुठे टाकलाय?"

"सोमवार," लिफ्टवाले म्हणाले.

"सोमवारी काय? आज गुरुवार आहे."

"त्यांना बोलता येत नाही," काकू म्हणाल्या. "मला विचारा. चुकले तर ते सांगतील."

तो पाऊण तास विचारत होता. फ्यूज कुठे, किती अँपिअरचा. चार्जिंग चालू असताना गाडी सुरू होते का? नाही, होत नाही, लावून दाखवली. पेटी कशाला आवळली आहे? गाडीच्या सांगाड्याला, सीटच्या पट्ट्याला नाही. सेल गरम झाला तर कळतं कसं? काकूंना उत्तरं येत होती याचं त्यांनाच नवल वाटत होतं. दोनदा त्या चुकल्या आणि दोन्ही वेळा शेजारून सोमवार ऐकू आलं. शेवटी तपासनीस गाडीखाली वाकला आणि उठून म्हणाला, "नापास."

केशरी तारा खालून जातात तिथे त्यांच्यावर कडक नळी नव्हती; दगड उडून लागला तर साल निघालं असतं. लाल मुठीचा वीज तोडायचा स्विच मागे होता. तो ड्रायव्हरच्या हाताशी हवा. बाकीचं त्याने दोनदा तपासून बरोबर लिहिलं. काकू तो कागद हातात घेऊन बाकावर बसल्या आणि त्यांना हसू आलं; का, ते भावाला काही कळेना. त्या मला नंतर म्हणाल्या, "नापास म्हणाला तेव्हा मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू. किती गोष्टी चुकल्यात ते कुणीतरी लिहून दिलं. दोनच."

तीन आठवड्यांनी गाडी पास झाली. विजेवर ताशी चाळीसच्या वर नाही, आणि मागे कुणाला बसवायचं नाही, या दोन अटींवर.

माझी सही मी मागे घेतली असं सांगायला आवडलं असतं. तसं झालं नाही. कमिटीची बैठक झाली, पासचा कागद फिरला, आणि मीच म्हटलं की चार्जिंग दिवसाच व्हावं आणि तेवढा वेळ कुणीतरी गाडीजवळ बसलेलं असावं. माझी सूचना मंजूर झाली. काकूंनी वाद घातला नाही. त्यांना तशीही वर बसून चैन पडली नसती.

तेव्हापासून आठवड्यातून तीन दुपारी काकू खाली पार्किंगमध्ये असतात. घडीची खुर्ची, मांडीवर हातशिलाईचं काम, बाजूला वाळूची बादली, आणि चार्जरच्या दिव्यांवर एक डोळा; हिरवा म्हणजे ठीक, तांबडा म्हणजे गडबड. पहिल्या दिवशी मी खिडकीतून बघितलं. दुसऱ्या दिवशीही बघितलं. तिसऱ्या दिवशी मला ते बरं वाटेना, म्हणून मीही खुर्ची घेऊन खाली गेले. सुरुवातीला आम्ही दोघी फक्त दिव्यांकडे बघत बसायचो. ही सगळी हकिकत मला तिथेच कळली, थोडी थोडी करून, दोरा ओवता ओवता.

गाडी दवाखान्यात जाते आणि येते. काकू पस्तिसाच्या वर नेत नाहीत. मागून लोक हॉर्न वाजवतात. निघण्याआधी त्या ब्रेक दहा वेळा दाबतात, लिफ्टवाले मोजतात. त्यांचे शब्द आता चाळीसेक झालेत. त्यातला एक "हळू" आहे आणि तो ते पस्तिसालाही वापरतात. त्यावरून दोघांची भांडणं होतात, कारण आपण एवढं सांभाळून चालवतो याचा काकूंना फार अभिमान आहे.

मागच्या आठवड्यात चार्जिंग चालू असताना काहीतरी जळल्याचा वास आला. आम्ही दोघी ताडकन उठलो. काकूंनी लाल मूठ ओढली, मी सॉकेटचं बटण बंद केलं, पेटी उघडून बघितली. सगळं थंड. वास तळमजल्यावरच्या घरातून येत होता. कुणाची तरी भाजी करपली होती. काकू खुर्चीवर बसल्या. हातातली पँट खाली पडली होती, ती झटकली. सुई सापडेना, म्हणून आम्ही दोघी वाकून जमिनीवर हात फिरवत शोधायला लागलो.

"भीती गेली नाही का अजून?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुमची?"

"नाही."

सुई टायरशेजारी सापडली. काकूंनी चार्जर पुन्हा लावला, आणि हिरवा दिवा लागेपर्यंत आम्ही दोघी उभ्याच राहिलो.